पाच घरांचं पोलकं

मैनाबाई माळीण गेली त्याला आज तेरा दिवस झाले. त्या दिवशीच्या पानावर माझ्या रोजनिशीत एवढंच आहे : 'मैनाबाई गेली. पापड सर्दावले होते, परत उन्हात घातले.' दुसरं काही सुचलं नाही. आज दुपारी जुन्या वह्या काढून बसले आणि तिच्याबद्दल जिथं जिथं काही टिपलं होतं ते एका जागी आणलं. तिच्याबद्दल लिहिणारं दुसरं कोणी नाही. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. तिची लेक मास्तरीण आहे, पण तिला यातली एक गोष्ट माहीत नाही.

इथं अमरावतीला, बडनेऱ्याच्या रस्त्यावर सूर्यभान माळ्याचा मळा आहे. मैनाबाई त्याची बायको. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून रोज सकाळी तिची फुलं यायची. पळसाच्या पानाची पुडी, वरून केळीच्या सोपटाचा दोर बांधलेला, आत एकवीस फुलं. आमच्याकडे देवीला एकवीसच वाहतात. तिची मोजणी कधी चुकली नाही. उंच, वाळकी बाई. डोक्यावर टोपली घेऊन चालायची सवय, म्हणून टोपली नसली तरी मान हलायची नाही. बोलणं तोडून टाकल्यासारखं. एकदा मी अंगणात हौसेनं झेंडू लावला. तिनं टोपली न उतरवता पाहिला आणि म्हणाली, "तुमी लावला काय, बाई? देवीले सांगू नका."

तिची पहिली चार लेकरं पाळण्यातच गेली. पाचवी मुलगी झाली तेव्हा तिला दारातल्या केराच्या पुंजावर ठेवली आणि शेजारणीनं उचलून परत तिच्या ओटीत घातली. टाकून दिलेल्या लेकराकडे काळाचं लक्ष जात नाही म्हणतात. नाव पुंजी ठेवलं. मैनाबाईनं अंबादेवीपुढं नवस बोलला की लग्न होईपर्यंत पोरीच्या अंगाला नवं कापड लावणार नाही. पाच घरी पदर पसरीन आणि दुसऱ्याच्या अंगावरचं जुनं मागून आणीन, तेच घालीन. दर नवरात्रात घटस्थापनेच्या दिवशी ती निघायची. पहिलं घर आमचं. मी जुन्या लुगड्याचा एक तुकडा तिच्या पदरात टाकायची, ती बोटं कपाळाला लावायची आणि पुढच्या घरी जायची. पाच तुकडे झाले की पोलकं आणि परकर शिवायचा. पोरगी जगली. दहा वर्षांची झाली.

पुंजी आमच्या सत्यभामेच्या शाळेत, तिच्याच वर्गात होती. मुलींची सरकारी शाळा. मैनाबाईनं तिला शाळेत घातली तेव्हा सूर्यभान म्हणाला होता म्हणे, फुलं मोजाले एवढं शिकाची काय गरज. मैनाबाई म्हणाली, "फुलं मीच मोजीन. ते पोरी मोजीन." म्हणजे मास्तरीण होईल. तसं होण्यासाठी आधी चौथीची परीक्षा द्यावी लागते, मग पुढच्या इयत्ता, मग मास्तरणींची नार्मल शाळा. मैनाबाईला हे सगळं क्रमानं पाठ होतं, कोणत्या महिन्यात कोणतं बी टाकायचं ते पाठ असावं तसं.

सन सदतीसच्या नवरात्रानंतरची वही माझ्यासमोर आहे. त्या आठवड्यात एका संध्याकाळी सत्यभामा भाकरी खाता खाता सांगत होती.

"आई, आज पुंजीच्या बाहीवर तुझं मोरपंखी लुगडं होतं."

"तुले काय माहीत?"

"आम्ही खेळ खेळलो ना. तिला मधात उभी करायची आणि एकेक तुकड्यावर बोट ठेवून घर सांगायचं. हे देशमुखाचं, हे सोनाराचं, हे गिरणीवाल्याचं."

"अन् ते काय म्हणे?"

"काही नाही. उभी होती. पाठीवरचा तुकडा कोणालेच नाही ओळखता आला, मंग तिनंच सांगितलं, वकिलाच्या आजीचा हाय म्हणून."

मी सत्यभामेला रागावले नाही. तिला त्यात काही वाईट केल्यासारखं वाटतच नव्हतं. पण दोन दिवस ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. आमचे हे शाळेच्या समितीवर होते. तिसऱ्या दिवशी पान लावून देताना मी त्यांच्याजवळ विषय काढला की सगळ्या मुलींना एकसारखा पोशाख लावला तर कसं होईल.

"काहून? पलटन उभी करायची काय पोरींची?"

"कोण कोणत्या घरची ते वर्गात दिसणार नाही."

ते हसले, पण समितीत त्यांनी ते मांडलं. दोन सभा त्यावर झाल्या. एका गृहस्थांचं म्हणणं, ही सायबाची नक्कल आहे. दुसऱ्यांचं, गरिबानं कुठून आणायचा. शाळेच्या मोठ्या बाई, कौशल्याबाई, माझ्यासारखंच बोलल्या. त्या म्हणाल्या, जरीकाठाचं लुगडं फाडून शिवलेला परकर आणि पोतं एका बाकावर बसलं की फळ्याकडे कोणी बघत नाही. शेवटी ठरलं. निळा परकर, पांढरं पोलकं. फरक नको म्हणून सगळं कापड एकाच दुकानातून, एकाच ताग्यातलं. ज्यांना जमत नाही त्यांना समिती देईल. दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्या मुलीच्या अंगावर हा पोशाख नाही तिला वर्गात घ्यायचं नाही. हे शेवटचं वाक्य ह्यांनीच घातलं होतं, नाहीतर नियम कोणी पाळत नाही म्हणून.

मला बरं वाटलं. वहीत लिहिलं आहे, 'आज देवीनं ऐकलं.'

मी पुंजीच्या मापाचं कापड वेगळं काढून ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी मैनाबाईपुढं धरलं. तिनं टोपली उतरवली. कापडाला हात लावला नाही.

"बाई, हे नवं हाय."

"मी देऊन राहिली ना. म्हणजे मागितलेलंच झालं."

"अंगाला लागलेलं पायजे. अन् एका घरचं नाई, पाच घरचं. तुमी तं दर साल देता, तुमाले ठाव नाई?"

मला ठाऊक होतं. नऊ वर्षं तिच्या पदरात मीच पहिला तुकडा टाकत होते. तरी सभा चालू होत्या त्या पंधरा दिवसांत हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. फक्त त्या पोरीला मधात उभी केलेली दिसत होती. तिच्याचसाठी काढलेला नियम तिलाच शाळेबाहेर ठेवणार होता, आणि तो मी काढवला होता.

"सत्यभामेनं चार दिवस घातलं तर?"

"तरी एकच घर."

मग मीच वाट काढली. पाच घरी गेले. निळं आणि पांढरं, अंगावर वापरलेलं, मिळेल ते द्या म्हटलं. मैनाबाई माझ्यामागं पदर पसरून. माझ्याबरोबर आहे म्हणून बायका हसल्या नाहीत, नाहीतर हसल्या असत्या. मी स्वतः शिवलं, टाके दिसू नयेत असं. पण निळे पाच होते. एक जांभळाकडं गेलेला, एक धुऊन राखेसारखा झालेला. पांढऱ्यातही एक पिवळट. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पुंजी ते घालून गेली आणि प्रार्थनेआधी परत आली.

कौशल्याबाईंकडे मी गेले. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला खुर्ची दिली.

"तुम्हीच सांगा देशमुखीणबाई, रांगेत सगळ्या सारख्या आणि ही एकटी ठिगळांची. आधी निदान बाकीच्याही रंगीबेरंगी होत्या. आता तर लांबून दिसते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खिडकीतून रांग मी पाहिलीच होती. ह्यांना म्हटलं तर ते म्हणाले, "नियम मीच केला, अन् पहिल्याच दिवशी मीच मोडू? लोक म्हणतील घरची माळीण म्हणून."

एक महिना पुंजी घरी राहिली. टोपली घेऊन आईबरोबर यायची आणि आमच्या ओसरीवर सत्यभामेचं पुस्तक उघडून बसायची. सत्यभामा शाळेतून येईपर्यंत तिचा धडा पाठ झालेला असायचा. चौथीत जायचं तर वर्षाची हजेरी भरावी लागते, आणि एक एक दिवस जात होता. मैनाबाई बोटावर मोजत होती. कोणाला काही म्हणत नव्हती. एका सकाळी म्हणाली, "देवीलेच विचारतो. नवस तिच्यापाशी बोलला, तिनंच सोडवला तं सुटीन."

आमच्या देवघरात अंबेचा पितळी मुखवटा आहे. मोठा निर्णय असला की त्याच्या दोन्ही बाजूंना ओलं फूल लावतात. देवीच्या उजव्या हाताचं आधी पडलं तर हो, डाव्या हाताचं पडलं तर नाही. मी सोवळ्यात होते. मैनाबाई मळ्यातून आलेली, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिनं टोपलीतून निवडून दोन पिवळ्या शेवंत्या काढल्या. एक माझ्या एका हातात दिली, एक दुसऱ्या.

"हे देवीच्या उजवीकडे, हे डावीकडे. बदलू नका."

मी लावल्या. पाण्याचा हात फिरवला आणि बसले. माझी पाठ दाराकडे होती, तिला मुखवटा दिसत नव्हता. चुलीवर वरण होतं, ते आटत आल्याचा वास येत होता. किती वेळ झाला कोणास ठाऊक. मग फूल पडलं.

डावं पडलं.

मी ते हातात घेतलं, मागं वळले आणि म्हणाले, "उजवं दिलं देवीनं."

आधी काही ठरवलेलं नव्हतं. ओसरीवर पुंजी पुस्तक वाचत होती, तिचा आवाज येत होता, एवढं आठवतं. मैनाबाईनं पदर पुढं केला. मी फूल त्यात टाकलं. तिनं ते पाहिलं, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि म्हणाली, "कापड द्या मंग."

त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं : 'मैनाबाईच्या मुलीसाठी फूल लावलं. वरण लागलं.' कोणतं फूल, ते लिहिलं नाही. देवाचं काहीही घडलं की मी लिहायची, स्वप्नसुद्धा. ते एवढंच लिहिलं नाही.

पुंजी शाळेत जाऊ लागली. आणि मी वाट पाहू लागले. तिला खोकला आला की मोजायची. पाय घसरून पडली म्हणे, तर सत्यभामेला दोनदा विचारलं, कुठं लागलं. पौषात तिला ताप भरला आणि नऊ दिवस उतरला नाही. मैनाबाई तरी रोज फुलं देऊन जायची.

"पोरगी कशी हाय?"

"हाय."

त्यापुढं मी विचारायची नाही आणि ती सांगायची नाही. सातव्या दिवशी मी पुडी सोडली आणि नेहमीसारखी फुलं मोजली, तर बावीस निघाली. मला वाटलं, घोरात आहे, मोजायला चुकली. मागची पानं चाळली तेव्हा दिसलं, मार्गशीर्षापासून पुडीत बावीसच येत होती; हात रोज आकडा टिपत होता, मन पुंजीच्या खोकल्याकडे होतं. जास्तीचं फूल मी विचार न करता तुळशीला वाहत गेले होते. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. दहाव्या दिवशी ताप उतरला.

पुंजी चौथी पास झाली. मग पुढं सातवी. मग नार्मल शाळा. लग्न झालं, मोर्शीला संत्र्याच्या बागेत दिली आणि तिथल्याच शाळेत मास्तरीण झाली. लग्नात तिनं शालू नेसला तेव्हा मैनाबाई मांडवात माझ्याजवळ बसली होती. म्हणाली, "आता काई नाई." मी हो म्हटलं.

तिला काही झालं नाही. मलाही काही झालं नाही. सत्यभामेचं लग्न नीट झालं, ह्यांची प्रकृती बरी आहे, घरात दाणा आहे. एवढंच की त्या दिवसापासून पूजेला बसलं की हात पूजा करतात. स्नान घालतात, पुसतात, हळदकुंकू वाहतात. पूर्वी मुखवट्याकडे पाहिलं की समोर कोणी असल्यासारखं वाटायचं. आता पितळ दिसतं. मी एकही दिवस पूजा चुकवलेली नाही. घरात कोणाला कळलेलं नाही.

गेल्या वैशाखात मैनाबाईच्या पायाला सूज आली आणि तिचं येणं बंद झालं. फुलं सूर्यभान आणायचा, पण पुडी तीच बांधायची. मी एका सकाळी मळ्यात तिला पाहायला गेले. मोटेजवळ कडुलिंबाखाली बाजेवर पडल्या पडल्या ती मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. मी शेजारी बसले आणि बसल्या बसल्याच सांगून टाकलं.

"मैना, ते फूल डावं होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मले ठाव हाय."

"कसं?"

"उजव्या फुलाले मी बोटाच्या कांडाएवढा देठ ठेवला होता. डाव्याचा खुडून टाकला होता. तुमी मले बिनदेठाचं देल्लं."

मोटेचा बैल खाली जाऊन वर आला.

"मंग काहून घेतलं? कापड काहून मागितलं?"

"तुमी म्हनलं ना, उजवं. मी कोठं म्हनलं? बोल तुमच्या तोंडून गेला. देवीनं काई कराचं तं बोलनाराले करीन. पोरीले नाई." मग कळ्यांची ओंजळ टोपलीत टाकून ती माझ्याकडे वळली. "मी पाह्यलं, बाई. तुमी फूल घेऊन वळल्या ना, तवा तुमचं तोंड पाह्यलं. मंग मले वाटलं, हे बाई घेऊन राहिली तं घेऊ द्या. मी चार देल्ले होते. पाचवं देनं मले झेपलं नसतं."

"म्हणून ते बाविसावं फूल."

"ते तुमच्या नावाचं. दुसऱ्या दिवसापासून टाकलं. म्हनलं, देवी रोज एक घेईन तं रागवायचं इसरीन. तुमी वाहलं ना ते?"

"तुळशीला."

"तुयशीले?" ती पहिल्यांदा हसली. "नऊ वर्सं मी देवीले धाडून राहिली, अन् तुमी तुयशीले देऊन राहिल्या."

मग कळ्यांवर ओलं फडकं टाकून तिनं विचारलं, "तुमाले काई झालं काय, बाई?"

मी म्हणाले, "नाही. काही नाही झालं."

तिनं मान डोलावली. पहिल्यांदाच तिची मान हललेली पाहिली. घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आता काहीतरी सुटेल, संध्याकाळी दिवा लावताना डोळ्यांत पाणी येईल. दिवा लावला. वात कमी होती, वाढवली.

आज तेराव्याचं आटोपून पुंजी मोर्शीला परत जाण्याआधी मला भेटायला आली. पांढरं लुगडं, निळा काठ. तसंच नेसते नेहमी. ओसरीवर पूर्वी बसायची त्याच जागी बसली. आईच्या पेटीत सापडलं म्हणून एक जुनं पोलकं घेऊन आली होती. पाच घरांचं. बाहीवर माझं मोरपंखी लुगडं, अजून रंग धरून.

"काकू, आमच्या शाळेतबी आता युनिफारमचा विषय निघाला आहे," ती म्हणाली. "लावावा का नाही ते हेडमास्तर मला विचारून राहिले. आपल्या इथं तुमीच आणला होता म्हणे. मी काय सांगू?"

"तुला काय वाटतं?"

तिनं पोलक्याची घडी केली, परत उलगडली. "मी तो नवा निळा परकर घालून पहिल्या दिवशी गेली ना, त्या दिवशी मले कोणी पाहिलं नाही. पूर्ण दिवस. इतकं बरं मले आयुष्यात वाटलं नाही. पण आई त्या दिवशी फाटकाबाहेर उभी होती. शाळा सुटेपर्यंत. तिचं तोंड मी पाहिलं. काहून ते मले समजलं नाही, अन् तिनं सांगितलं नाही."

मी सांगू शकले असते. वही जवळच होती.

"एकेकीच्या आईकडे आधी जा," मी म्हणाले. "ओसरीवर बसून विचार की हे कापड चालेल का. सगळ्या हो म्हणतील तर लाव. एकीनं जरी नाही म्हटलं तर तिला काहून ते विचार, अन् मग नियम लिही."

"वर्गात साठ मुली आहेत, काकू."

"मग साठ घरी जा."

ती हो म्हणाली. उठताना तिनं एक पुडी माझ्यापुढं ठेवली. आईच्या मळ्यातली शेवंती, तिनं आज सकाळी स्वतः खुडलेली. पळसाचं पान, वर केळीचं सोपट. बांधणी मैनाबाईसारखीच. ती गेल्यावर मी पुडी सोडली आणि सवयीनं मोजली.

एकवीस होती. एकवीसच पाहिजेत. मी हातपाय धुऊन ती देवीला वाहिली आणि मग तुळशीपाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले.